गिलान आणि गिलानुपट्ठाक : मानसिक आजार उघड का केला जात नाही?

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खंधकात एका आजारी भिक्खूची हकीगत आली आहे. अतिसाराने क्षीण झालेला तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदांसह विहारातील निवासस्थाने पाहत तेथे आले आणि त्यांनी त्याला विचारले की, तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय? कोणी नव्हता. का नाही, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही आपल्याकडे पाहत नाहीत, असे तो म्हणाला. मग आनंदांनी पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, हे प्रसिद्ध बुद्धवचन याच प्रसंगीचे आहे.

हा प्रसंग आपल्या विहारांतून पुष्कळ वेळा सांगितला जातो. त्यालाच जोडून आलेला पुढील भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. तेथे शुश्रूषा करण्यास कठीण असलेल्या रुग्णाची पाच आणि सुलभ असलेल्या रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत, आणि त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याची, म्हणजे गिलानुपट्ठाकाची, पात्रता-अपात्रता सांगितली आहे. पथ्य न पाळणारा, पथ्याचे प्रमाण न जाणणारा, औषध न घेणारा आणि वेदना सहन न करणारा रुग्ण कठीण, हे समजण्यास सोपे आहे. यांच्या जोडीला एक लक्षण असे आहे की, हितेच्छू शुश्रूषकाजवळ जो आपला आबाध जसा आहे तसा उघड करीत नाही, म्हणजे तो वाढत आहे, कमी होत आहे की तसाच आहे हे सांगत नाही, तो रुग्णही कठीण होय.

या वाक्यातील ‘अत्थकाम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोग्याने आपला रोग चव्हाट्यावर मांडावा, असे विनय सांगत नाही. ज्याला आपले हित हवे आहे, त्याच्याजवळ तो मांडावा, असे सांगतो. म्हणजे रोग उघड करण्याचे कर्तव्य रुग्णाचे असले, तरी समोर अत्थकाम माणूस असणे ही त्याची पूर्वअट आहे. शुश्रूषकाच्या लक्षणांतही हीच दृष्टी दिसते. त्याने औषध तयार करण्यास समर्थ असावे, पथ्यापथ्य जाणावे, मैत्रचित्ताने सेवा करावी, लाभाच्या आशेने करू नये, मलमूत्र, थुंकी, वांती काढण्याची किळस मानू नये आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर द्यावा. धम्मकथा या यादीत शेवटी आली आहे. तिचा क्रम योगायोगाचा असेल, पण आपण व्यवहारात तो नेमका उलटा करून टाकला आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत ही पूर्वअट किती थोड्या ठिकाणी पूर्ण होते, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. त्या सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते, आणि गरज असून उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. डॉक्टरांची टंचाई हे याचे एक कारण खरेच. परंतु दवाखाना दूर असतो म्हणून न गेलेला रुग्ण आणि दवाखाना जवळ असूनही आपणहून न गेलेला रुग्ण, हे दोघे एकाच आकड्यात मोजले जातात. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. जे झाले आहे त्याला घरात काय म्हटले जाते, यावर माणूस कोणाकडे जाणार हे ठरते. ‘बाहेरचे आहे’, ‘कोणी करणी केली’ असे म्हटले की पावले देवऋषीकडे वळतात. ‘नखरे आहेत’ असे म्हटले की ती कोठेच वळत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात भिंतीवर लावलेल्या आहेत, त्या घरातील माणसेही रात्रीच्या गाडीने मांत्रिकाकडे जातात, हे आपण जाणतो; बोलत नाही इतकेच. याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. देवऋषी जवळ राहतो, आपली बोली बोलतो, मजुरी बुडवावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्या निदानात घरातील कोणाचाच दोष नसतो. दोष बाहेरच्या कोणाचा तरी असतो. दवाखान्यात मात्र पहिलाच प्रश्न घराविषयी विचारला जातो. शिवाय बौद्ध कुटुंबाला दोन गोष्टी लपवाव्या लागतात. आजार भावकीपासून, आणि मांत्रिकाकडे जाणे विहारापासून. विहारात ‘अंधश्रद्धा सोडा’ असे व्याख्यान होते तेव्हा ते कुटुंब मागच्या रांगेत मान खाली घालून बसते. एक दार बंद करणे आवश्यकच आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, ही किंमत आपण विसरू नये. पण दुसरे दार कोठे आहे हे त्याच व्याख्यानात सांगितले जात नाही.

दाराची ही उपमा महावग्गातीलच एका प्रसंगावरून सुचली. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपमार असे पाच रोग बळावले होते. यांतील अपमार म्हणजे अपस्मार, ज्याला आपण फेफरे किंवा फिट म्हणतो. लोक जीवकाकडे गेले. सर्व संपत्ती देतो, तुमचे दास होतो, पण उपचार करा, असे म्हणाले. जीवकाने नकार दिला. राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांची जबाबदारी त्याच्यावर होती. तेव्हा लोकांनी विचार केला की, संघात गेलो तर भिक्खू शुश्रूषा करतील आणि जीवक औषध देईल. ते प्रव्रजित झाले. त्यांतील एक जण बरा होऊन चीवर सोडून परतला, तो जीवकाच्या दृष्टीस पडला, आणि मग या पाच रोगांनी ग्रस्त माणसास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. भाष्यकार हा प्रसंग संघाच्या शिस्तीच्या अंगाने वाचतात. तो रुग्णाच्या अंगानेही वाचता येतो. उपचाराला एकच वाट असेल, तर माणसे त्या वाटेने खरे कारण लपवून येतात.

आता धम्माच्या नावाने होणाऱ्या एका गोंधळाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण त्याचा पालीशी प्रत्यक्ष संबंध आहे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात कायिक आणि चैतसिक असे रोगाचे दोन प्रकार सांगून म्हटले आहे की, शरीराने शंभर वर्षे निरोगी असल्याचे सांगणारा एखादा आढळेल, परंतु क्षीणास्रव अर्हताखेरीज क्षणभरही मनाने निरोगी असणारा दुर्मिळ आहे. या सुत्ताचा आधार घेऊन अनेक धम्मप्रवचनकार सांगतात की सगळेच मनोरुग्ण आहेत, आणि लोभ, द्वेष, मोह सोडले की मन बरे होते. सुत्तातील चैतसिक रोग म्हणजे क्लेश. तो सर्व पृथग्जनांना आहे. छिन्नमनस्कता किंवा तीव्र नैराश्य सर्वांना नसते. दोन्हींना एकच समजले की रुग्णावर नकळत आरोप येतो, तुझी तृष्णा अधिक, तुझे शील उणे, म्हणून तू असा. मुळात निराश असलेला माणूस हा आरोप मान्य करून टाकतो आणि अधिकच गप्प होतो.

विनयाने हा गोंधळ केलेला नाही. भिक्खूंच्या शिक्षापदांच्या विवरणात अनापत्तीची जी प्रकरणे पुन्हा पुन्हा येतात, त्यांत उन्मत्तक, खित्तचित्त आणि वेदनेने व्याकूळ झालेला यांचा समावेश आहे. क्लेशाने केलेल्या कृत्याची आपत्ती लागते; उन्मादात केलेल्या कृत्याची लागत नाही. सुत्तात रूपक आहे आणि विनयात व्यवहार आहे, आणि प्रत्यक्ष रुग्णासमोर बसलेल्या माणसाने विनयाकडे पाहावे, असे माझे मत आहे.

पूर्वकर्माचेही तसेच. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक परिव्राजक विचारतो की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली, आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतः जाणलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असे म्हटले. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला आहे, हे वाचकांना माहीतच आहे. तरीही घरात मतिमंद मूल जन्मले किंवा तरुण मुलगा भ्रमिष्ट झाला की ‘काय पाप केले होते’ हा उद्गार निघतोच.

दरीमुख जातकाच्या अट्ठकथेत उन्मत्तांचे आठ प्रकार दिले आहेत. काम, क्रोध, दृष्टी आणि मोह यांनी उन्मत्त झालेले हे चार नैतिक अर्थाचे आहेत. उरलेले चार निराळे : यक्षाने, पित्ताने, सुरेने आणि व्यसनाने उन्मत्त झालेला. येथे व्यसन म्हणजे आपत्ती. शोकाच्या अधीन झालेला तो ‘ब्यसनुम्मत्तक’. यक्षाचे कारण आज आपण स्वीकारणार नाही, आणि ग्रंथात ते आहे हे झाकण्याचेही कारण नाही. परंतु शरीरातील बिघाड, मद्य आणि आयुष्यात कोसळलेले संकट ही तीन कारणे त्या जुन्या यादीत स्वतंत्रपणे ओळखली गेली होती.

यांतील आपत्तीच्या कारणाशी आपल्या समाजाचा संबंध थेट आहे. उच्च शिक्षणसंस्थांत पोहोचलेल्या पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतील विद्यार्थ्याची अवस्था पाहावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि २००७ मध्ये अहवाल दिला. वसतिगृह, भोजन, खेळ, परीक्षा, सर्वत्र भेदभाव होत असल्याच्या तक्रारी त्यात नोंदल्या गेल्या. हैदराबाद विद्यापीठात जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि मुंबईत मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले, तेव्हा ही चर्चा वर्तमानपत्रांत आली. अशा संस्थेत समुपदेशक नेमलेला असतो. तरी विद्यार्थी त्याच्याकडे जात नाही. आपल्या गुणवत्तेविषयी जेथे आधीच शंका घेतली जाते, तेथे ‘मला झोप येत नाही, अभ्यासात मन लागत नाही’ असे सांगणे म्हणजे शंका घेणाऱ्याच्या हाती पुरावा देणे, असे त्याला वाटते. समोरचा माणूस अत्थकाम आहे याची त्याला खात्री नसते, आणि जातीचा उल्लेख करताच ‘तू ते मनावर घेऊ नकोस’ असे उत्तर मिळाल्यावर तर तीही आशा संपते. राखीव जागेवर नोकरीस लागलेल्या कर्मचाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नसते. रजेच्या अर्जावर आजाराचे खरे नाव लिहिण्याऐवजी तो ‘पोटदुखी’ लिहितो.

यावर आपल्यातील काही विचारवंतांचा एक आक्षेप असतो. दुःख जातिव्यवस्थेने दिले आहे, मग औषध व्यक्तीला कशासाठी? रोगी तर समाज आहे. आक्षेपातील अर्धा भाग खरा आहे. अन्यायाला आजाराचे नाव देऊन प्रकरण मिटविण्याची युक्ती नेहमीच होत आली आहे, आणि तिच्याविषयी सावध राहिलेच पाहिजे. परंतु ज्याचा हात कोणी लाठीने मोडला, त्याचा खटला चालविताना हाडही बसवावे लागते. सीवकाला सांगितलेल्या आठ कारणांत आघात आणि पित्त शेजारी-शेजारी आहेत, एकाने दुसरे रद्द होत नाही. आणि मदत मागणे म्हणजे लढ्यातील दुर्बलता, ही समजूतही आपल्या इतिहासाला धरून नाही. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाल्यावर बाबासाहेबांनी काही दिवस स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्या शोकाला कोणी दुर्बलता म्हटलेले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अडथळा बहुतेक वेळा लग्नाच्या रूपाने येतो. अविवाहित मुलीला उपचारासाठी नेले तर स्थळे येणार नाहीत, आणि तिच्या धाकट्या बहिणीचीही येणार नाहीत. विवाहितेला नेले तर ‘वेडी गळ्यात बांधली’ म्हणून माहेरी पाठविले जाईल. या भीतीला कायद्याचाही आधार वाटतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु औषध चालू आहे एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाही. विकार इतका तीव्र असावा लागतो की त्या व्यक्तीसह राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. अपस्माराविषयी तर पुष्कळांना हे ठाऊकच नाही की, १९९९ च्या दुरुस्तीने तो विवाहातील बाधा म्हणून कायद्यातून वगळण्यात आला. मगधातील पाच रोगांपैकी या एकाचे कायद्यातील नाव पुसले गेले, तरी फिटची गोळी माहेरहून चोरून आणणाऱ्या सुना आजही आहेत.

मद्याविषयी थोडक्यातच लिहितो. दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात पिणारा माणूस प्रतिज्ञाभंग करणारा ठरतो, रुग्ण ठरत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात मद्यासक्तीवर उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होते. ‘सुरुम्मत्तक’ हा अट्ठकथेतील शब्द येथे पुन्हा वाचावा.

विपश्यनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अस्वस्थ माणसाला ‘दहा दिवस शिबिराला जाऊन ये’ हा सल्ला आपल्याकडे सर्वांत सहज दिला जातो, कारण त्यात लाज नाही. वेड्याचा डॉक्टर नको, साधना हवी. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून कार्यरत आहे आणि त्या परंपरेच्या नियमांत स्पष्ट सांगितलेले आहे की, विपश्यना ही वैद्यकीय किंवा मानसोपचाराची जागा घेऊ शकत नाही, आणि तीव्र मनोविकार असणाऱ्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. प्रवेश-अर्जात याविषयी विचारणा असते. आजार लपवून तो अर्ज भरणारा आणि मौनाच्या चौथ्या दिवशी कोसळणारा साधक हा मगधातील त्या रुग्णांचाच वंशज होय. सन्मानाने जाता येईल असे तेवढेच दार त्याला दाखविलेले असते. साधनेचे महत्त्व याने कमी होत नाही. ती कोणाला, केव्हा, आणि चालू औषध बंद न करता, हे ठरविण्याचे काम तज्ज्ञाचे आहे.

पटाचारेची कथा सर्वांना माहीत आहे. पती, दोन्ही मुले, आईवडील आणि भाऊ गमावून भान हरपलेली ती श्रावस्तीत फिरत होती, तेव्हा लोकांनी तिच्यावर केरकचरा आणि ढेकळे फेकली. जेतवनातील सभेत ती आली तेव्हाही, या वेडीला येऊ देऊ नका, असेच श्रोते म्हणाले. भगवंतांनी तिला येऊ दिले. ती भानावर आली, कोणा एकाने आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले, तिने आपली हकीगत स्वतः सांगितली, आणि उपदेश त्यानंतर झाला. किसा गोतमीच्या मोहऱ्या आपण दुःखी माणसाला फार लवकर देतो. ‘मरण कोणाला चुकले?’ हे वाक्य त्याचे बोलणे सुरू होण्याआधीच संपवून टाकते.

बरे होऊन परतलेल्या माणसाचे काय, याचाही विनयात विचार आहे, आणि माझ्या मते मदत मागण्याच्या प्रश्नाशी त्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे. परतल्यावर आपल्याला काय म्हटले जाईल, हे पाहूनच माणूस जाण्याचे ठरवितो. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याची केस’ हे आपल्या बोलण्यातील वाक्प्रचार ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांपैकी दोहोंच्या नावांची शिवी करून तयार झाले आहेत.

गग्ग नावाचा भिक्खू उन्मत्त झाला होता. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे; कधी तो येई, कधी येत नसे. तेव्हा संघाने त्याच्यासंबंधी ‘उम्मत्तकसम्मुति’ द्यावी, अशी अनुज्ञा झाली. तो आला किंवा न आला तरी संघाचे कर्म दूषित होत नाही, आणि तो संघाबाहेरही जात नाही. पुढे चूळवग्गाच्या समथक्खंधकात गग्ग बरा झालेला दिसतो. परंतु उन्मादाच्या काळात त्याच्या हातून घडलेल्या गोष्टींवरून इतर भिक्खू त्याला पुन्हा पुन्हा टोकत होते. मी उन्मत्त होतो, मला ते आठवत नाही, असे त्याने सांगूनही ते थांबेनात. तेव्हा ‘अमूळ्हविनय’ हा उपाय सांगितला गेला. बरा झालेला भिक्खू संघाकडे तीन वेळा याचना करतो, संघ विधिपूर्वक निर्णय देतो आणि तो विषय संपतो. कोणी ढोंगाने उन्मादाचे निमित्त करीत असेल, तर त्याला हा निर्णय देणे अधम्म होय, हेही तेथे सांगितले आहे. म्हणजे ही भाबडी दया नव्हे. आणि असे प्रकरण मिटल्यानंतर ते मिटविण्यात सहभागी असलेल्यानेच ते पुन्हा उकरून काढले, तर पाचित्तिय आपत्ती उकरणाऱ्याला लागते.

आजचा कायदा या बाबतीत आपल्या वस्त्यांच्या पुढे आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार आहे, त्याला साखळीने बांधणे निषिद्ध आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराची सोय करावयाची आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल पोलिसांत खटला होईल या भीतीने कुटुंबे रुग्णाला लपवीत असत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने ३०९ वे कलम राहिलेले नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

वर्षावासातील ग्रंथवाचनाचे वेळापत्रक ज्या फलकावर लिहिले जाते, त्याच फलकावर हा क्रमांक आणि जवळच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागाचे वार लिहिता येतील. विहार समितीने एक उपासक आणि एक उपासिका या कामासाठी नेमावी. व्याख्यानासाठी नव्हे, तर रुग्णाबरोबर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसण्यासाठी, त्या दिवशी त्याच्या घरी मुलांजवळ कोण राहील ते पाहण्यासाठी, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या संपण्याआधी पुन्हा जाण्याची तारीख लक्षात ठेवण्यासाठी.